पातेऱ्याची गोधडी

होळी पाच दिवसांवर आली तेव्हा जयवंताने मनाशी पक्कं केलं, यंदा परसाची कवाडी उघडू द्यायची नाही.

गावची रीत अशी की होळी पेटली की परसाला रजा. माघापर्यंत वांगी, मिरच्या, लाल माठ, मांडवावरचे दुधी, जे मिळायचं ते मिळालं. पुढे विहिरीचा तळ दिसू लागतो, बायकांच्या डोक्यावरचे हंडे अर्धे येतात, तिथे झाडांना पाणी कोण पाजणार? धुळवडीच्या सकाळी घरोघरच्या कवाड्या उघडायच्या, गुरं आत शिरायची आणि दुपारपर्यंत परसात नुसते खुंट उरायचे. कुंभिवलीच्या अलीकडे, डोंगराला पाठ लावून बसलेल्या त्या गावात कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. जयवंताही सून होऊन आल्यापासून दोन उन्हाळे ते मुकाट्याने पाहत आली होती.

पण यंदा तिच्या मांडीवर चिमी होती.

चिमी भादव्यातली. सहा महिन्यांची झाली तरी दोन वितींची वाटावी अशी. आठवडाभर झाला, ती पदराखाली शिरायची, दोन घोट ओढायची आणि तोंड बाजूला करून रडायची. शेवटी जयवंताने सुईणीला, धोंडूबाईला, बोलावून आणलं. म्हातारीने पोरीची टाळू चाचपली, मग आईचा हात हातात घेऊन नखं पाहिली.

"काय खातीस गं?"

"भात. आंबील. सुकट असंल तेव्हा सुकट."

"हिरवं?"

"परसात हाय तोवर."

"मग परस असू दे. दूध आटाय लागलंय तुजं. दुधी खा, माठ खा, एक दिसाआड तरी. पावसात टाकळा उगवंस्तवर हिरवं सोडू नको. नायतर पोरगी चैतातच पेजंवर येईल, न् एवढ्याशा जिवाला नुसत्या पेजंवर वैशाख..." धोंडूबाईने पुढचं वाक्य गिळलं, पान तोंडात टाकलं आणि उठली.

ते गिळलेलं वाक्य जयवंताच्या मनात रुतून बसलं. टाकळा उगवायला तीन महिने होते. नवरा, सहदेव, माथेरानला हातरिक्षा ओढायला गेलेला. साहेबलोकांचा मोसम संपेपर्यंत, म्हणजे मृगाच्या तोंडापर्यंत, तो काही खाली उतरायचा नाही. लढाईचा पाचवा उन्हाळा, बाजारात पाऊल ठेवावं असे दिवस नव्हते. जे करायचं ते तिलाच आणि याच परसात करायचं होतं.

काय करायचं तेही तिला ठाऊक होतं. तिचं माहेर माथेरानच्या पायथ्याचं. लहानपणी ती आईबरोबर करवंदांची टोपली घेऊन डोंगर चढायची. खाली शेतांना भेगा पडलेल्या असत, आणि वर झाडीत वाट सोडून जरा आत गेलं की घोट्याएवढा पातेरा. पानांवर पानं, कित्येक वर्षांची. आई टोपली उतरवायची, दमलेले पाय त्या पातेऱ्यात खुपसून बसायची आणि म्हणायची, "ये गं, पाय निवव." खालची माती ऐन वैशाखात गार असायची, ओली असायची. तिला कुणी कळशीभर पाणी घालत नव्हतं. डोंगर आपली ओल पानांखाली झाकून ठेवत होता, एवढंच.

तेवढंच तिला परसात करायचं होतं. अडचण एकच. घरात पातेरा होता, गोठ्यामागे छपराएवढा ढीग होता, पण तो राबाचा होता.

राबाच्या पातेऱ्याला कुणी हात लावत नाही. भाताची रोपं जिथे वाढायची त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पातेरा पसरून वैशाखात पेटवायचं, जमीन भाजून काढायची आणि त्या राखेत पेरायचं. राब चांगला जळला तर रोप चांगलं, रोप चांगलं तर वर्षाचा भात चांगला. म्हणून माघापासून सारं घर डोंगरातून पानं वाहून आणायचं. त्या ढिगातलं पान म्हणजे पुढच्या वर्षाचा घास.

सासऱ्यांशी, आबाजींशी, समोरासमोर बोलायची सुनेला रीत नव्हती. चिमी झाल्यापासून मात्र एक सोय झाली होती. आबाजींना सुनेला काही सांगायचं असलं की ते नातीला सांगायचे, आणि सुनेला उत्तर द्यायचं असलं की तीही नातीलाच सांगायची. चिमी मध्ये बसून मूठ चोखायची.

संध्याकाळी आबाजी पडवीत दोर वळत बसले होते. जयवंता दाराआड उभी राहिली, चिमीला उंबऱ्याच्या पलीकडे बसवलं.

"चिमे, तुज्या आज्याला सांग, परसाला पाच भारे पातेरा पायजे."

दोर वळायचा थांबला. "चिमे, आयला इचार, परसाला पातेरा कशाला?"

"चिमे, सांग, झाडांच्या बुडात पसराय. म्हंजे ओल टिकंल. एका कळशीत चार दिस निघतील."

आत सासूबाई, गौराबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांना मध्यस्थ लागत नसे. "आता गं बाय! लुगडं मिळाय मामलेदाराची चिठ्ठी लागते, माणसं फाटक्यात फिरत्यात, न् हिच्या दुधीला गोधडी पायजे!"

"पातेरा म्हंजे वाळवीला आवतण," आबाजी म्हणाले. "चिमे, हे पण सांग."

"न् आत लांबडं जनावर येऊन बसंल," गौराबाई म्हणाल्या. "पोरगी उद्या रांगाय लागंल."

जयवंता गप्प राहिली नाही. "चिमे, सांग, खोडापासून वीतभर जागा सोडीन, राख टाकीन, वाळवी येणार नाय. पातेरा काठीनं हलवल्याबिगर हात घालणार नाय. न् धोंडूआजी काय बोलली तेबी सांग." मग तिने धोंडूबाईचं बोलणं सांगितलं, अर्ध्यावर तोडलेल्या वाक्यासकट.

आबाजींनी हातातला दोर खाली ठेवला. गौराबाईंच्या सुपातला तांदूळही थांबला होता.

"चिमे," आबाजी शेवटी म्हणाले, "आयला सांग, पाच भारे घे. पण राब पेटायच्या दिशी पाच भारे मला खाचरात परत पायजेत. मी राब अर्धा जाळणार नाय. न् त्याच्या आदी परस सुकला, तर त्याच दिशी कवाडी उघडणार."

चिमीने मूठ तोंडातून काढली आणि आज्याकडे बघून हसली. सौदा झाला.

दुसऱ्या दिवशी जयवंताने पातेरा पसरला. दुधीचे तीन वेल, माठाचा वाफा, वांग्याची चार झाडं आणि मिरच्या, एवढाच तिचा कारभार. सागाची मोठाली पानं तिने निवडून घेतली, एकेक सरळ केली आणि खालच्या कडेपासून ओळीने लावत वर आली, पानावर अर्धं पान चढवत. हात आपोआप चालत होते. काम संपलं तेव्हा वाफे असे दिसत होते, जणू पाटावर नवं लुगडं घडी घालून ठेवलंय. तिने वरून कळशी ओतली आणि समाधानाने आत गेली.

धुळवडीला साऱ्या गावच्या कवाड्या उघडल्या, हिची बंद राहिली. गुरं कुंपणापाशी उभी राहून हंबरली. शेजारणी येता-जाता मान आत घालून बघायच्या. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दुधीची पानं लोंबू लागली.

ऊन असेल म्हणून तिने जास्तीची कळशी आणली, आपल्या न्हाण्यातली कापून. पाचव्या दिवशी वांग्यांनी माना टाकल्या. चिमी त्या रात्री चार वेळा रडत उठली. आबाजी सकाळी कुंपणाशी येऊन उभे राहिले, कवाडीच्या दोरीची गाठ हाताने चाचपून पाहिली आणि गेले.  ते पाहताच जयवंताने हंडा उचलला आणि तडक विहिरीवर गेली.

परत येऊन ती पाणी ओतत होती तेव्हा गौराबाई कोंबड्यांना कोंडा टाकायला आल्या होत्या. कोंबड्या कोंड्याकडे फिरकल्या नाहीत. त्या वाफ्याच्या खालच्या कडेला रांग धरून पाणी पीत होत्या. वरून ओतलेलं पाणी पानांवरून घसरत घसरत थेट त्यांच्या चोचीखाली येत होतं.

गौराबाईंनी पाणी पाहिलं, पानं पाहिली, सूप खाली ठेवलं आणि पोट धरून हसायला लागल्या.

"अगं, तू दुधीला गोधडी नाय घातलीस. तू तर घर शाकारलंस की गं! आता आखाडभर पाऊस पडू दे, तुज्या वाफ्यात थेंब गळायचा नाय."

जयवंताने एक पान उचलून पाहिलं, खाली माती कोरडीच. खरंच होतं. माहेरी दर चैत्रात बापाबरोबर झोपडीवर सागाची पानं चढवलेले हात ते. पान कसं लावायचं म्हणजे पाणी आत येणार नाही, हेच ते हात शिकले होते आणि तेच त्यांनी इथे केलं होतं. दहा दिवस ती रोज विहिरीवरून पाणी वाहून कोंबड्यांना पाजत होती. तिलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. पण रडत बसायला वेळ कुठे होता?

डोंगरात पानं कुणी रचत नाही. ती पडतात, वाकडीतिकडी, तुटलेली, चुरगळलेली, मध्ये हजार वाटा ठेवून. तिने काठीने हलवून सगळी पानं काढली, अंगणात पसरली आणि पायाखाली तुडवून त्यांचा चुरा केला. त्यात ऐनाची, कुड्याची बारीक पानं मिसळली, गोठ्यातला गुरांनी टाकलेला पेंढा मिसळला, गिरणीतला तूस मिसळला. आधी माती उकरून मोकळी केली, पाणी पोटभर मुरू दिलं आणि मग तो चुरा चार बोटं जाड भुरभुरत टाकला. खोडाभोवती वीतभर जागा उघडी, त्यात राख. पाणी घालायचं ते त्या उघड्या जागेतूनच. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर करवंदीच्या काट्या. आठवड्यातून एकदा पातळ शेणकाला, म्हणजे पानं वाऱ्याने उडायची नाहीत.

चौथ्या दिवशी वांग्यांनी माना वर केल्या. आठव्या दिवशी तिने काठीने पातेरा बाजूला करून बोट खुपसलं, तर पेरभर खालची माती बोटाला चिकटून आली. चैत्र निम्मा सरला, शेजारची परसं तव्यासारखी तापली, पण हिच्या मांडवावर दुधीला नवी पालवी फुटली. तीन कळशांची गरज एका कळशीवर आली. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी ती थेंबाथेंबाने वेलांना देई. दर एक दिवसाआड चुलीवर दुधी नाहीतर माठ शिजायचा, आणि सगळ्यांना वाढून झालं की गौराबाई तवलीच्या तळाशी ठेवलेला मोठा घास सुनेच्या ताटात टाकायच्या. टोमणा मात्र बरोबर असायचाच. "घे बाय, गोधडीतला दुधी. घाम आला असंल त्याला."

चिमी आता पदराखाली जास्त वेळ राहू लागली. सोडून रडायची ते कमी झालं, पण थांबलं नव्हतं. एखादा दिवस दूध यायचं, एखादा दिवस हुलकावणी द्यायचं. जयवंता रोज तिची मनगटं अंगठ्याने मोजायची.

वैशाख लागला आणि आबाजी म्हणाले, "चिमे, आयला सांग, येत्या सोमवारी राब."

दुपारी जयवंताने काट्या उचलल्या आणि पातेरा हलवला. वरचा थर तसाच होता, वाळका, खुळखुळता. पण खाली हात घातला तर पान हाताला लागेना. पान होतं कुठे? काळी, भुसभुशीत, मऊ माती झालेली, मध्ये शिरांची जाळी तेवढी उरलेली, आणि त्यात गांडुळं वळवळत होती. पाच भाऱ्यांतला दीड भारा निघाला असता तर नशीब. आणि तो काढला तर ऐन वैशाखात वेल उघडे पडणार. टाकळ्याला अजून महिना होता.

ती तिथेच उकिडवी बसून राहिली. दिलेला शब्द मोडायचा नव्हता, आणि पातेराही काढायचा नव्हता. दोन्ही नाही म्हटल्यावर तिसरी एकच वाट उरते, ती डोंगराची.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत तिने कोयती आणि दोर घेतला, चिमीला पाठीशी बांधलं आणि निघाली. जवळचा डोंगर गावाने माघातच झाडून नेला होता. पानं उरली होती ती वरच्या घळीत, जिथे चढ अंगावर येतो म्हणून कुणी जात नसे. तिथे पोचेपर्यंत ऊन पाठीवर आलं. भारा बांधून उतरताना पाठीवर पोर, डोक्यावर पानं, पायाखाली सरकते दगड. पाच वेळा बसली, पाच वेळा उठली. घरी आली तेव्हा चिमीचं तोंड उन्हाने लालबुंद झालं होतं.

 गौराबाईंनी गोठ्यामागे टाकलेला भारा पाहिला, परसाकडे पाहिलं, सारं कळलं त्यांना.

दुसऱ्या पहाटे जयवंता पोरीला पाठीशी बांधायला गेली तर गौराबाई आधीच उठून बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केले.

"दे हिकडं. वाटीत दूध काढून ठेव थोडं, पाजीन मी चमच्यानं."

"आय, ती रडंल."

"रडू दे. रडणारं पोर बरं." गौराबाईंनी चिमीला मांडीवर घेतलं आणि तिच्या टाळूवरून बोट फिरवत राहिल्या. "सहदेवाच्या आदी एक होती माजी. असाच वैशाख होता. पयलं रडायची, मग रडायची थांबली. परस मीच मोकळा केला होता, धुळवडीला, ह्या हातांनी." मग मान वर करून म्हणाल्या, "जा आता. ऊन चढंल."

जयवंताने सासूच्या पायाला हात लावला आणि निघाली. त्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी एक. तळवे सोलून निघाले, खांद्याला दोराचे वळ उठले. पण रविवारी दिवेलागणीला पाचही भारे गोठ्यामागून खाचरात जाऊन पोचले होते.

सोमवारी सकाळी आबाजी खाचरातून ते भारे पाहून थेट घरी आले. पडवीत उभे राहिले. चिमी उंबऱ्यात होती.

"चिमे, आयला इचार, हा पाला कुठला?"

"चिमे, सांग, वरच्या घळीतला."

"न् परसातला?"

"चिमे, सांग, त्याची माती झाली. ती जळणार नाय. म्हणून दुसरा आणला. पाच भारे मोजून घ्या म्हणावं."

आबाजी मोजायला गेले नाहीत. ते परसात गेले. कवाडीची गाठ सोडली, आत शिरून ती परत बांधली, काठीने पातेरा हलवला आणि दुधीच्या बुडाशी बसले. काट्या बाजूला करून त्यांनी हात आत घातला, मनगटापर्यंत. पन्नास पावसाळे मातीत हात घातलेला माणूस तो, पण वैशाखात असा गारवा त्यांच्या हाताला कधी लागला नव्हता. त्यांनी मूठभर काळी माती वर काढली, नाकाशी नेली, बोटांनी चुरली. वर मांडवात पाच दुधी लोंबत होते. ते कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. गौराबाई दोनदा दारात येऊन बघून गेल्या.

मग त्यांनी पाटी मागितली. वांग्यांच्या बाजूची, जिथे थर जाड होता तिथली, पाटीभर काळी माती खरवडून घेतली, तिथे वरचा पातेरा परत नीट सारखा केला आणि पाटी खांद्यावर घेऊन खाचराकडे चालू लागले. त्या दिवशी राब पेटला, पाचही भारे जळले. एक कोपरा मात्र त्यांनी, अंथरुणाएवढा, जाळला नाही. तिथे पाटी रिकामी केली, हाताने पसरली आणि वर थोडा सुका पाला टाकला.

"आता राबाला पण गोधडी?" गौराबाईंनी बांधावरून विचारलं.

"बघू," आबाजी म्हणाले. "रोप काय बोलतं ते बघू."

धुराने काळवंडलेले आबाजी दुपारी घरी आले, पायांवर पाणी घेतलं आणि पडवीत बसले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. "चिमे, तुज्या आयला सांग..."

आतून उत्तर आलं नाही. गौराबाईंनी दारातून मान काढली आणि ओठांवर बोट ठेवलं.

आत जयवंता भिंतीला टेकून बसली होती, सोललेले पाय पुढे पसरून. चिमी पदराखाली होती. आज किती वेळ ओढत होती, जयवंताने मोजलंच नव्हतं. घोट घशाखाली उतरल्याचा आवाज तेवढा ऐकत होती ती, एकामागून एक, न थांबता. मग तो आवाज हळू झाला, ओठ सुटले, आणि चिमी न रडता, तोंड तसंच उघडं ठेवून झोपली. ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ हनुवटीवर आला होता. जयवंताने तो पुसला नाही.

"निजली," गौराबाई हळूच म्हणाल्या. "पोट भरून निजली. निरोप काय हाय तो मला सांगा."

"पुढल्या साली माघातच परसाचे पाच भारे येगळे काढायचे, राबाचे येगळे." आबाजी खांबाला पाठ टेकून सैल बसले. "पण ते मी चिमीला सांगीन. उठू दे तिला. घाई नाय."